क्रिप्ट, कॅटाकोम, मकबरा, समाधी: सगळ्यांना 'थडगं' म्हणून भागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रवासवर्णनाचं मराठी भाषांतर करताना क्रिप्ट, कॅटाकोम, व्हॉल्ट, टूम, ऑस्युअरी आणि हायपोजियम असे सहा शब्द आले. शब्दकोश उघडला तर फिरून फिरून थडगं, कबर, तळघर हेच समोर येतात. मग सगळीकडे 'थडगं' लिहिलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. मी बावीस वर्षं इतिहास आणि पुरातत्त्वावरच्या पुस्तकांची भाषांतरं करते आहे, इतरांची तपासतेही, आणि इतक्या चुका फार थोड्या शब्दकुळांत पाहिल्या आहेत. एका हस्तलिखितात वाक्य होतं, 'लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या शवागारात नेल्सनला ठेवलं आहे.' मूळ शब्द क्रिप्ट. शवागार म्हणजे इस्पितळातली ती थंड खोली, जिथे नातेवाईक ताब्यात घेईपर्यंत प्रेत ठेवतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तीच खोली उभी राहणार. १८०६ साली चर्चच्या फरशीखाली, काळ्या संगमरवरी पेटीच्या स्मारकात ठेवलेल्या दर्यावर्दी सेनानीचं चित्र त्या शब्दानं पुसलं जातं.

माझी पद्धत साधी आहे. नाम शोधायच्या आधी क्रियापद शोधायचं. देह पुरला आहे की ठेवला आहे? पुरला म्हणजे वरून माती लोटली, पोकळी उरली नाही. ठेवला म्हणजे भोवती मोकळी जागा आहे, वर छत आहे आणि बहुतेक वेळा जिवंत माणसाला आत जायची वाट आहे. एवढं ठरलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे, ठेवलं काय आहे? अख्खा देह, नुसती हाडं, राख, की काहीच नाही?

या कसोटीवर आपलेच शब्द आधी लावून बघा. कबर खोदतात, थडगं बांधतात. असं आपण सहज बोलतो, पण त्यातला फरक लक्षात घेत नाही. कबर हा खड्डा आहे, थडगं हे त्या खड्ड्यावरचं दिसणारं बांधकाम, म्हणजे चौथरा, शिळा, कधी नुसती दगडांची रास. म्हणजे 'जमिनीखालचं थडगं' हा शब्दप्रयोगच स्वतःला छेद देतो. ज्या सहा शब्दांबद्दल विचारलं आहे त्यांतले बहुतेक जमिनीखालच्या पोकळीचे शब्द आहेत, आणि थडगं नेमकं जमिनीवरचं आहे. कबर जमिनीखालची खरी, पण ती भरलेली. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची 'कबर' असं आपल्याकडे सर्रास छापतात. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टरला आधी पायऱ्या लागल्या, मग बुजवलेला बोळ, मग चार दालनं, आणि त्यांत पलंग, पेट्या, सुटे करून ठेवलेले सहा रथ. 'कबर' वाचलेल्या माणसाला हे रथ कुठे मावले ते कळत नाही. तिथे 'दफनदालनं' लिहावं. प्राचीन ग्रीक प्रवाशांनी राजांच्या त्याच खोऱ्यातल्या अशा लांबच लांब कोरीव बोगद्यांना चक्क 'पावे' म्हटलं होतं, गुराख्याच्या पाव्यासारखे पोकळ आणि लांब म्हणून. त्यांच्याही नजरेत पहिली भरली ती पोकळी.

आता क्रिप्ट. ग्रीक 'क्रिप्तो' म्हणजे लपवणं, त्यावरून 'क्रिप्ते' म्हणजे लपलेली जागा. संस्कृतात 'गुह्' म्हणजे लपवणं, आणि त्यावरून गुहा. दोन भाषांनी एकाच कल्पनेवरून एकाच जातीच्या जागेला नाव दिलं. इतकंच नाही, लॅटिनमधल्या 'क्रिप्ता'चं इटालियनमध्ये 'ग्रोत्ता' झालं आणि त्याचा अर्थ पुन्हा गुहाच. 'गूढ' हा शब्दही त्याच गुह् धातूचा, त्यामुळे व्युत्पत्तीनं पाहिलं तर क्रिप्टला 'गूढगृह' हा अगदी चपखल शब्द होईल. मी तो एकदा वापरून पाहिला आणि काढून टाकला, कारण आजच्या वाचकाला त्यात रहस्यकथेचा वास येतो. शब्दाचं मूळ कितीही सुंदर असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात आज काय उमटतं ते आधी.

क्रिप्टची ओळख दोन गोष्टींनी होते. वर चर्च असतं आणि खाली आत शिरण्याजोगं दालन असतं. पण प्रत्येक क्रिप्ट दफनासाठी असतोच असं नाही. पुष्कळ जुने क्रिप्ट संतांचे अवशेष जपायला आणि त्यांचं दर्शन घ्यायला बांधले गेले. कँटरबरीत ११७० साली मारला गेलेला आर्चबिशप टॉमस बेकेट पन्नास वर्षं क्रिप्टमध्ये होता, १२२० साली त्याला वरच्या भागात हलवलं. क्रिप्ट उरला, दफन निघून गेलं. म्हणून मी पहिल्या उल्लेखाला 'चर्चच्या फरशीखालचं दालन, म्हणजे क्रिप्ट' असं उलगडते, दफन असेल तर 'दफनदालन', आणि पुढे सरळ क्रिप्ट. नुसतं 'तळघर' मात्र नको. तळघर म्हटलं की वाचकाला धान्य, अडगळ, जुन्या ट्रंका आठवतात.

व्हिएन्नाचं उदाहरण देते, कारण तिथे क्रियापदाची कसोटी फार छान लागते. कापुचिन साधूंच्या चर्चखाली हाब्सबुर्ग घराण्याचा क्रिप्ट आहे. सतराव्या शतकापासून सम्राट आणि सम्राज्ञी तिथे धातूच्या शवपेट्यांमध्ये आहेत. पण या घराण्यातल्या बऱ्याच जणांची हृदयं वेगळी काढून ऑगस्टिनियन चर्चमध्ये चांदीच्या पात्रांत आहेत, आणि आतडी सेंट स्टीफन कॅथीड्रलखाली. एका माणसाच्या तीन जागा. इथे 'दफन केलं' किंवा 'पुरलं' लिहून बघा, वाक्य अडतं. 'ठेवलं' लिहिलं की तिन्ही जागा एका वाक्यात बसतात.

कॅटाकोमवर जरा रेंगाळते, कारण हा शब्द मुळात अर्थ नाही, पत्ता आहे. रोमबाहेर आपियन मार्गावर, आजच्या सेंट सेबास्टियनच्या चर्चपाशी एक सखल भाग होता. त्या ठिकाणाचं नाव 'कातकुंबास'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'खोलगटांपाशी' असा लावतात. तिथल्या भूमिगत दफनस्थळाला त्या जागेवरून नाव पडलं. पुढे मध्ययुगात बाकीची दफनस्थळं विस्मरणात गेली, यात्रेकरू याच एका ठिकाणी येत राहिले, आणि त्याचं नाव जातिवाचक झालं. १५७८ साली सालारिया मार्गावर जमीन खचून दुसरं एक असंच दफनस्थळ उघडं पडलं, तेव्हा त्यालाही लोकांनी कॅटाकोमच म्हटलं.

मग ते वापरणारे लोक स्वतः काय म्हणत होते? त्यांचा शब्द होता 'कोइमेतेरियोन', म्हणजे निजायची जागा. त्यातूनच इंग्रजीतला सेमेटरी आला. आतल्या खोल्यांना ते 'कुबिकुलुम' म्हणत, शब्दशः शेजघर. भिंतीत एकावर एक आडव्या खोदलेल्या जागांना 'लोकुलुस', म्हणजे छोटीशी जागा. मरणाबद्दल एकही शब्द नाही, सगळे झोपेचे आणि जागेचे.

रोममधल्या डोमिटिलाच्या कॅटाकोममध्ये मी उतरले होते तेव्हा या 'छोट्या जागे'चा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. तपकिरी, ठिसूळ दगडात खोदलेला बोळ, समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागेल इतका अरुंद. दोन्ही बाजूंना जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत आडवे खण, फडताळासारखे. काही पुरुषभर लांब. आणि मध्येच, दोन मोठ्या खणांच्या उरलेल्या जागेत, हातभर लांबीचा एक. मग असे अनेक दिसू लागले. तान्ह्या मुलांचे. खण विटांनी किंवा शिळेनं बंद करून वर चुना लावायचे, आणि तो ओला असताना ओळख पटावी म्हणून त्यात काहीतरी दाबून ठेवायचे, एखादं नाणं, काचेचा तुकडा, छोटा दिवा. एका कडेला असं काही दाबल्याचा वाटोळा ठसा दिसत होता, वस्तू मात्र नव्हती. तोपर्यंत मी लोकुलुसला 'कोनाडा' लिहीत असे. त्या दिवसापासून 'खण' लिहिते. कोनाड्यात आपण दिवा ठेवतो, उघड्यावर. खण बंद करता येतो. कोनाडा हा शब्द मी 'आर्कोसोलियुम'साठी राखून ठेवला आहे. ती कमानीखालची जागा असते, 'कमानदार कोनाडा' म्हटलं की बरोबर चित्र येतं.

दोन समजुती इथेच दूर करते, कारण शब्दनिवडीवर त्यांचा परिणाम होतो. कॅटाकोम म्हणजे छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांनी लपून राहायची भुयारं, हे खरं नाही. ती दफनस्थळंच होती, त्यांचा ठावठिकाणा सर्वांना माहीत होता, आणि ज्यू समाजाचीही तशी कॅटाकोम रोममध्ये आहेत. ती शहराबाहेर आहेत त्याचं कारण लपणं नाही, कायदा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यानं नगराच्या हद्दीत पुरायला आणि जाळायला बंदी केली होती. शिवाय तो ज्वालामुखीचा दगड ताजा असताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, म्हणून इतकं खोदता आलं. 'गुप्त भुयार' लिहिणारा भाषांतरकार नकळत ती जुनी समजूत पुढे ढकलतो. 'भूमिगत दफनबोळ' हा माझा शब्द. कानाला थोडा खडबडीत आहे, पण खोटं बोलत नाही.

पॅरिसची कॅटाकोम मात्र कॅटाकोमच नाहीत. शहराच्या पोटात चुनखडीच्या जुन्या खाणी होत्या. इनोसंट्सची दफनभूमी इतकी तुडुंब भरली की १७८० साली ती बंद करावी लागली, आणि १७८५ पासून तिथली आणि नंतर इतर दफनभूमींतली हाडं रात्री गाड्यांतून आणून या खाणींत रचली गेली. साठ लाखांच्या आसपास माणसांची. तिथे पहिलं दफन जवळजवळ कोणाचंच झालं नाही, बहुतेक सगळे दुसऱ्यांदा आलेले. रोमच्या प्रसिद्धीमुळे नाव उसनं घेतलं गेलं. त्याचं खरं वर्णन ऑस्युअरी, म्हणजे हाडांची जागा. प्रवासवर्णनात विशेषनाम म्हणून 'पॅरिसची कॅटाकोम' राहू द्या, पण लगेच 'जुन्या खाणींतलं अस्थिगृह' हे जोडा.

अस्थिगृह म्हणताना एक सावधगिरी. मराठीत अस्थी म्हटलं की दहनानंतरचं जे उरतं ते डोळ्यांपुढे येतं, कारण आपले अस्थिकलश आणि अस्थिविसर्जन हे शब्द तिथूनच आलेले. ऑस्युअरीतली हाडं जळालेली नसतात. देह आधी पुरलेला असतो, मांस मातीत जातं, मग हाडं वर काढून रचतात. म्हणून पहिल्या उल्लेखात 'कबरींतून काढलेली हाडं' एवढे दोन शब्द तरी घालाच. आणि प्रमाण बघा. चेक देशातल्या सेडलेत्सची ऑस्युअरी ही चर्चखालची वास्तू आहे, हजारो माणसांच्या हाडांनी सजवलेली, पण जेरुसलेमच्या पहिल्या शतकातल्या संदर्भात ऑस्युअरी म्हणजे एका माणसाची हाडं मावतील अशी दगडी पेटी, जिची लांबी मांडीच्या हाडावरून ठरते. पहिलीला अस्थिगृह, दुसरीला अस्थिपेटी. राखेसाठी वेगळा शब्द आहे, कोलंबारियुम. लॅटिनमध्ये कोलुंबा म्हणजे पारवा, भिंतीतले खण खुराड्यासारखे दिसतात म्हणून. त्याला 'रक्षागृह' पुरेसं.

हायपोजियम सोपा आहे. हायपो म्हणजे खाली, गे म्हणजे पृथ्वी. संस्कृतातलं 'भूमिगृह' जवळजवळ अक्षरशः तेच. मात्र हायपोजियम ही कोणतीही भूमिगत वास्तू असू शकते, दफनाचा अर्थ संदर्भातून येतो. माल्टातला हाल सफ्लिएनीचा हायपोजियम १९०२ साली पाण्याची टाकी खोदणाऱ्या मजुरांना लागला. मऊ चुनखडीत एकाखाली एक तीन मजले, इसवी सनापूर्वी ४००० ते २५०० च्या दरम्यान वापरात असलेले, आणि त्यांत सुमारे सात हजार माणसांचे अवशेष. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे आतल्या दालनांची छतं आणि दारं जमिनीवरच्या बांधलेल्या मंदिरांसारखी कोरली आहेत, जणू दगड रचूनच ती उभी केली. तिथे 'भूमिगत दफनमंदिर' लिहायचा मोह होतो. मी 'भूमिगत दफनगृह' वर थांबते.

व्हॉल्ट म्हणजे कमानदार छत, मूळ लॅटिन 'वळवणे' या अर्थाचं. चर्चच्या आवारात एखाद्या घराण्याची व्हॉल्ट असेल तर 'कौटुंबिक दफनघर'. पण अमेरिकी पुस्तकात 'बरियल व्हॉल्ट' आलं तर हात थांबवा. तिथे तो शब्द खड्ड्यात शवपेटीभोवती बसवतात त्या काँक्रीटच्या किंवा धातूच्या बाह्य पेटीला वापरतात, माती खचू नये म्हणून. खोली नाही, पेटीची पेटी. मी एकदा इथे चुकले होते, आणि एका साध्या कबरीला वाचकासमोर कमानी लावून बसले.

टूम हा सगळ्यांत सैल शब्द. ग्रीक 'तिंबोस' म्हणजे मातीचा ढीग, पण आज तो इजिप्तच्या कोरीव दालनांपासून ताजमहालापर्यंत सगळ्यांवर बसतो. त्याला एक मराठी शब्द नाही आणि शोधूही नये. आत शिरता येतं तिथे दफनदालन, वर वास्तू असेल तर मकबरा किंवा स्मारकवास्तू, मातीचा उंचवटा असेल तर दफनटेकडी. जपानी 'कोफुन' याचा अर्थच जुनी दफनटेकडी, आणि ओसाकाजवळची दाइसेन कोफुन ४८६ मीटर लांब आहे. तिला थडगं म्हणणं शक्य तरी आहे का? मॉसोलियम हे तर माणसाचं नाव. कारियाचा राजा मॉसोलस इसवी सनापूर्वी ३५३ साली वारला, त्याच्या दफनवास्तूवरून शब्द पडला. ती जमिनीवरची, त्यामुळे तुमच्या सहांत ती नाही हे ठीकच.

मकबरा आणि त्याचे सोबती मात्र सांगायला हवेत, कारण हे शब्द आपल्या जिभेवर आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. अरबीत 'कब्र'वरून 'मकबरा' म्हणजे कबरींची जागा, दफनभूमी. मराठीत येईपर्यंत तो एका भव्य वास्तूचा शब्द झाला. मजार हा भेट देण्याच्या क्रियेवरून आला, दर्गा हा फारसीत उंबरठा किंवा दरबार, रौजा म्हणजे बाग. मकबरा सोडला तर यांतल्या एकाही शब्दाचा मूळ अर्थ मृतदेहाशी बांधलेला नाही, जिवंत माणूस तिथे का जातो त्याच्याशी आहे. आणि या वास्तूंमध्ये पुष्कळदा दोन मजल्यांवर दोन कबरी असतात. ताजमहालात जाळीच्या आत नक्षीकाम केलेल्या दिसतात त्या खऱ्या नाहीत, मुमताज आणि शाहजहान त्यांच्या बरोबर खाली, साध्या दालनात आहेत. विजापूरच्या गोल घुमटातही तेच, वर चौथरा आणि खाली खरी कबर. या खालच्या दालनाला तहखाना म्हणतात. फारसी 'तह' म्हणजे तळ, 'खाना' म्हणजे घर, शब्दाची बांधणी तळघरासारखीच. वरच्या कबरीला इंग्रजी पुस्तकं सेनोटाफ म्हणतात, ग्रीकमध्ये 'रिकामी कबर'. पण लंडनच्या व्हाइटहॉलमधला सेनोटाफ हे युद्धस्मारक आहे, ज्यांचे देह दूर परदेशात पडले त्यांचं. ताजच्या बाबतीत देह काही हात खाली आहे. ताजमधल्याला 'वरची कबर' किंवा 'प्रतिकबर' म्हणा, लंडनच्याला 'रिकामं स्मारक'. एकच शब्द दोन्हीकडे लावला की दोन्हींचं दुःख सपाट होतं.

समाधी हा शब्द परक्या संदर्भात वापरू नये असं माझं ठाम मत आहे. त्यात चित्ताची अवस्था आहे, देह ठेवण्याची कृती आहे आणि नंतर बांधलेली वास्तू आहे. समाधी घेतात, समाधी देतात, समाधी बांधतात, आणि तिन्हींत अर्थ वेगळा. शिवाय दहन झालेल्यांचीही समाधी असते, रायगडावरची शिवाजी महाराजांची समाधी तशी आहे. म्हणजे समाधीखाली देह असेलच असं शब्द सांगत नाही. हाब्सबुर्ग सम्राटाची 'समाधी' लिहिलं की वाचकाच्या मनात नको तितकं वैराग्य शिरतं.

आणि स्मशान? आज तो जाळण्याच्या जागेचा शब्द आहे, पण यास्कानं निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात 'श्मशान' म्हणजे 'श्मशयन', देहाची निजण्याची जागा, अशी फोड केली आहे. शतपथ ब्राह्मणात तर श्मशान म्हणजे अस्थींवर रचलेला मातीचा उंचवटा, चौकोनी की गोल यावर तिथे चर्चा आहे. रोमच्या बोळांतलं कोइमेतेरियोन आणि हा शब्द, दोन्हीकडे निजणंच. ऋग्वेदात वसिष्ठ वरुणाला विनवतो की मला इतक्यात 'मृन्मय गृहा'त जायला लावू नकोस. मातीचं घर. जमिनीखालच्या त्या जागेसाठी इतका साधा आणि इतका नेमका शब्द मला दुसरा भेटलेला नाही. भाषांतरात तो वापरता येत नाही, पण 'दफनगृह' लिहिताना त्यातला 'गृह' मी त्या आठवणीनं लिहिते.

तर तुमच्या सहांचं मी असं करेन. 'व्हिएन्नात चर्चखालच्या क्रिप्टमध्ये सम्राटांच्या शवपेट्या ठेवल्या आहेत.' 'रोमच्या कॅटाकोममध्ये, म्हणजे भूमिगत दफनबोळांत, भिंतींत खणांवर खण आहेत.' 'सेडलेत्सच्या अस्थिगृहात कबरींतून काढलेली हाडं रचली आहेत.' 'माल्टातलं भूमिगत दफनगृह तीन मजली आहे.' टूमसाठी मूळ परिच्छेद पुन्हा वाचा आणि लेखक आत शिरला का ते बघा. व्हॉल्टसाठी लेखक कुठल्या देशाचा आहे ते आधी तपासा.